गोव्यात आयकराच्या तारखा कशा सांभाळाव्या

कराची तारीख म्हटलं की सगळ्यांना ३१ जुलै आठवतो. पण तुमच्या हाताखाली चार माणसं पगारावर असतील, तर तुमची तारीख दर महिन्याची ७. पगारातून कापलेला टीडीएस, म्हणजे कामगाराच्या वतीने मालकाने कापून ठेवलेला आयकर, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा. मार्चच्या कपातीला तेवढी ३० एप्रिलपर्यंत सवड. फोंड्यातल्या एका दुकानाचा हिशेब मी बघायचे. ३० जूनला कापलेले १२,००० रुपये आम्ही ८ जुलैला भरले. उशीर एका दिवसाचा, व्याज मात्र दोन महिन्यांचं: जून एक, जुलै दोन. दरमहा दीड टक्क्याने ३६० रुपये गेले. तेव्हापासून माझ्या कॅलेंडरवर खूण ५ तारखेला असते.

पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर ते १५ तारखेपर्यंत. टीडीएसचं तिमाही विवरण ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना. चुकलात तर रोजचे २०० रुपये. कामगाराला फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, द्यायचा १५ जूनपर्यंत. महाराष्ट्रातून आलेले लोक पगारपत्रकात व्यवसाय कर शोधतात, तो गोव्यात नाही.

आता स्वतःचं रिटर्न. ते भरायला बसण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आमचं लग्न गोव्याच्या नागरी कायद्याखाली, सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झालंय का? तसं असेल तर पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं. म्हापशातल्या फ्लॅटचं करपात्र भाडं वर्षाला २,४०,००० रुपये धरा. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असला तरी १,२०,००० त्याच्या रिटर्नमध्ये आणि १,२०,००० बायकोच्या. ठेवींच्या व्याजाचंही तसंच. अशांना ‘सहज’, म्हणजे आयटीआर-१ हा सोपा फॉर्म, चालत नाही. पगार आणि भाडं असेल तर आयटीआर-२ घ्यायचा, त्यात जोडीदाराचा पॅन देऊन ‘५ए’ची अनुसूची, म्हणजे या वाटणीचा तक्ता, भरायची. दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर बसून भरलेलं बरं. आकडे जुळले नाहीत की पुढे नोटिशीला उत्तरं लिहीत बसावं लागतं. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केलेल्यांना मात्र हे लागू नाही.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर आगाऊ कराचे हप्ते आहेत: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. सप्टेंबरचा हप्ता बहुतेकदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) धांदलीत हुकतो, म्हणून गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायच्या आधीच तो उरका. साठी ओलांडलेल्यांना, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, हे हप्ते नाहीत.

३१ जुलै हुकलाच तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण ५,००० रुपये शुल्क पडतं. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. आणि सबमिट झालं म्हणून लगेच लॅपटॉप मिटू नका. ३० दिवसांत ई-पडताळणी करायची असते, आधारच्या ओटीपीने ती दोन मिनिटांत होते.