घोडदळाची जुनी तलवार किंवा नक्कल घेताना काय तपासायचं

विदर्भात जुनी तलवार विकायला निघाली की तिच्यासोबत एक गोष्टही निघते. ही भोसल्यांच्या घोडदळातली, ही गाविलगडावरची, ही पणजोबांच्या आजोबांनी सीताबर्डीच्या लढाईत चालवलेली. गोष्ट ऐकून घ्या, पण तिचे पैसे देऊ नका. तलवारीचं वय पात्याच्या जाडीत, मुठीच्या जोडात आणि गंजाच्या रंगात कळतं. ते तपासायचं सामान एका पिशवीत मावतं: जाडी मोजायचं व्हर्नियर, मेजर टेप, लोहचुंबक, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, हातकाटा आणि टॉर्च.

मात्र त्याआधी कायदा. शस्त्र नियम २०१६ च्या पाचव्या वर्गात तलवारीचं नाव थेट लिहिलेलं आहे, आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ नुसार अधिसूचित भागात अशा शस्त्राला परवाना लागतो. आपल्या भागात काय लागू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयात. अर्जाची पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. नक्कल आहे, धार नाही, म्हणून आपण मोकळे असं समजू नका. कुरियरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. वरातीत मिरवणं, हातात धरून रील काढणं तर सरळ गुन्हा ओढवून घेणं आहे.

शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ मध्ये येते. अशा वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. नांगराला लागलेलं पातं कोणी आणलं तर घेऊच नका. निखात निधी कायदा, १८७८ नुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. तेल्हाऱ्याजवळच्या अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ ला मोठी लढाई झाली. तिकडून आलेल्या मालाबाबत जास्तच सावध राहा.

आता वस्तू. इकडे दोन घराण्यांचा माल असू शकतो. एक आपल्याकडची तलवार: लोखंडी मूठ, वर गोल कटोरी, वाकडं पातं. तिच्याच जातीच्या फिरंग आणि धोप या तलवारींची पाती मात्र सरळ असतात. दुसरी इंग्रजी घोडदळाची, कारण कामठीला छावणी होती आणि अचलपुरात हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेली फौज. इंग्रजी तलवारींत १७९६ सालचा हलक्या घोडदळाचा नमुना सगळ्यात जास्त मागणीचा. पातं सुमारे ३३ इंच, चांगलं वाकडं, टोकाकडे रुंद होणारं, आणि मुठीला रिकिबीसारखी एकच परज, म्हणजे बोटं राखणारी कमान. हीच पाती पुढे हिंदुस्थानी मुठींतही बसवली गेली, म्हणून मूठ देशी आणि पातं विलायती दिसलं की लगेच बनावट ठरवू नका. १९०८ चा नमुना सरळ, ३५ इंचांच्या आसपास, भोसकण्यासाठीचा. त्याला वाकडं पातं लावून कोणी ‘पहिल्या महायुद्धातली सेबर’ म्हणून दाखवलं तर उठून या.

सगळ्यात खात्रीची परीक्षा जाडीची. पात्याची पाठ तीन जागी मोजा: मुठीजवळ, मध्यावर, आणि टोकाच्या तीन बोटं अलीकडे. जुन्या चांगल्या पात्यात मुठीजवळ ७ ते ९ मिलिमीटर भरतात आणि टोकाकडे ते २–३ वर उतरतात. मारताना हात हलका चालावा म्हणून लोहार हे पातं ठोकून उतरवत. स्वस्त नक्कल पट्टीतून कापून घासलेली असते, ४ मिलिमीटर तर ४ मिलिमीटरच, शेवटपर्यंत. तिचं वजन पुढे लोंबतं आणि हातात सबल धरल्यासारखं वाटतं. असली घोडदळी तलवार म्यानाशिवाय बहुधा ९०० ग्रॅम ते १.१ किलोत बसते. ट्रकच्या पाट्यापासून घडवलेली पाती पोलाद म्हणून वाईट नसतात, पण त्यांना जुनी म्हणून किंमत द्यायची नाही.

देशी मुठीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा अरुंद भाग, लाख-राळेच्या मिश्रणाने बसवलेली असते. हलवल्यावर खुळखुळलं तर मिश्रण तुटलंय. ते दुरुस्त होतं, भाव मात्र कमी करा. फटीतून पांढरा किंवा पारदर्शक एपॉक्सी दिसला तर मूठ अलीकडे बदललेली आहे. जुनी मूठ बहुतेक लोखंडाची, दोन अर्धे भाग जोडून केलेली. भिंगातून जोडाची रेघ दिसते. चुंबक न चिकटणारी पिवळी, ओतीव, जाड मूठ बहुधा सजावटीच्या बाजारातली. सोन्याच्या कोफ्तगरीत (लोखंडावर सोन्याची तार ठोकून केलेल्या नक्षीत) झिजलेल्या जागी आडव्याउभ्या बारीक ओरखड्यांची जाळी दिसायला हवी; ती नसेल तर वरून मुलामा चढवलाय.

इंग्रजी तलवारीवर ठसे शोधा. पाठीवर कारखानदाराचं नाव (गिल, ऑस्बॉर्न, वूली ही १७९६ च्या नमुन्यावर दिसणारी नावं), हिंदुस्थानासाठी घेतलेल्यांवर आयएसडी (इंडिया स्टोअर डिपार्टमेंट) ही अक्षरं. विल्किन्सनच्या अधिकाऱ्यांच्या तलवारींवर १८५० च्या दशकापासून पाठीवर क्रमांक असतो. मुठीलगत पातं एकाच जागी किंचित खोलगट आणि जास्त चकचकीत दिसलं तर तिथला, नव्या नकलेवर असतो तो ‘इंडिया’ हा ठसा घासून काढलाय. नक्कल जुनी करण्याची ही ठरलेली रीत आहे. अॅसिड किंवा मिठाने आणलेला गंज सगळीकडे सारखा, नारिंगी, बोटाला लागणारा असतो. खरा जुना गंज काळपट तपकिरी, कुठे दाट तर कुठे नाहीच. चार खाचांचे स्क्रू म्हणजे नवं काम.

गावाकडच्या घरातली तलवार खंडेनवमीला पुजलेली असते, म्हणून तिच्यावर तेल आणि हळदकुंकवाचे थर असतात. त्या थराखाली ओल धरून खड्डे पडलेले असतात. घरच्यांना विचारून एक कोपरा पुसून बघा. देवघरातली वस्तू भावंडांत एकमत नसताना घेऊ नका, वाद पोलीस ठाण्यापर्यंत जातो. पावतीवर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, पात्याची लांबी, ठशांचं वर्णन आणि वस्तू कुठून आली हे लिहून घ्या, फोटो जोडा.

नक्कलच हवी असेल तर डेहराडूनला चांगला माल बनतो. दोनच प्रश्न विचारा: पोलाद कोणतं, आणि शेपटी मुठीतून आरपार जाऊन ठोकलेली आहे का. स्टेनलेसचं लांब पातं भिंतीसाठी; ते फिरवताना मुठीजवळ तुटतं, कारण आत बहुतेक वेळा वेल्ड केलेला बोल्ट असतो.

घरी आणल्यावर चिंच-राखेने घासू नका, बफिंगच्या दुकानात नेऊ नका. काळपट थर गेला की निम्मी किंमत गेली. सुती कापडावर थोडं रॉकेल घेऊन मळ काढा, कोरडं पुसा, मग मशीन ऑइलचा पातळ हात. जवसाचं तेल घरात आहे म्हणून लावू नका. ते वाळून चिकट पापुद्रा होतो आणि खरवडावा लागतो. मे महिन्यात बंद गाडीत तलवार ठेवली तर मुठीतली लाख नरम पडून पातं सरकतं. उन्हाळ्यात म्यानाचं लाकूड तडकतं, पावसाळ्यात फुगून पातं आत अडकतं आणि चामडं ओल धरतं. म्हणून पातं म्यानाबाहेर, सुती कापडात, आडवं ठेवा, आणि जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तेल बघा.