एकच नाकपुडी बंद राहते, त्याच बाजूने रक्त येतं, मग काय करायचं

सर्दीत नाकपुड्या आलटूनपालटून बंद होतात, पण एकच बाजू दोन-तीन आठवडे चोंदलेली, त्याच बाजूने घोळणा फुटतोय, गाल बधिर वाटतोय किंवा वरचे दात उगाच हलायला लागलेत तर वाफारा आणि स्प्रेमध्ये महिने घालवू नका, सरळ ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. डोळा पुढे आल्यासारखा दिसत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील तर उद्याच. बहुतेकदा साधं मास वाढलेलं किंवा हाड वाकडं निघतं, ट्यूमर क्वचितच, आणि क्वचित असल्यामुळेच तो उशिरा सापडतो. लाकडाचा भुसा आणि चामड्याची धूळ यांनी नाकाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे सुतारकाम किंवा धारावीत चामड्याचं काम केलं असेल तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.

नुसता टॉर्च मारून चालत नाही, दुर्बिणीने बघायला सांगा. गाठ दिसली की आधी सीटी आणि एमआरआय स्कॅन, मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. सीटीत हाड किती खाल्लंय ते कळतं, एमआरआयमध्ये गाठ कुठली आणि सायनसमध्ये नुसता साठलेला शेंबूड कुठला ते. वयात येणाऱ्या मुलग्यांना अँजिओफायब्रोमा होतो, तो कॅन्सर नाही पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो, ओपीडीत त्याचा तुकडा काढला तर रक्त थांबता थांबत नाही, म्हणून स्कॅन आधी.

सगळ्यात जास्त जीव लावायचा तो बायोप्सीच्या रिपोर्टवर. या गाठी मायक्रोस्कोपखाली एकमेकींसारख्या दिसतात आणि उपचार मात्र पार वेगळे. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) निघाला तर मोठं ऑपरेशन नाहीच, केमो-रेडिएशन. एसएनयूसी (नाक-सायनसचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) असेल तर बऱ्याचदा आधी केमो. वास घेणाऱ्या नसांच्या भागातला एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा असेल तर ऑपरेशन आणि नंतर बहुधा रेडिएशन. इन्व्हर्टेड पॅपिलोमा ही साधी गाठ, कॅन्सर नाही, पण मुळापासून नाही काढला तर परत येतो आणि काहींमध्ये कॅन्सर होतो. म्हणून लॅबमधून स्लाइड्स आणि पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या आणि परळला टाटा मेमोरियलमध्ये परत वाचून घ्या. एमआरआयची सीडी पण न्या, सर्जनला फिल्मच्या कागदावर सगळं दिसत नाही. टाटात जनरल आणि प्रायव्हेट अशी वेगळी नोंदणी असते, पैशांची अडचण असेल तर जनरलच करा आणि पहिल्याच दिवशी सोशल वर्करला भेटून सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं विचारा. बाहेरगावचे असाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

डोळ्याजवळ रेडिएशन द्यायचं असेल तर खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचंच केंद्र) प्रोटॉन मशीन आहे, त्यात आजूबाजूच्या भागाला रेडिएशन कमी लागतं, आपल्या केसमध्ये त्याचा फायदा आहे का हे स्पष्ट विचारा. रेडिएशनच्या आधी डेंटिस्टला दाखवून खराब दात काढून घ्या, नंतर काढलेल्या दाताची जखम भरायला त्रास होऊ शकतो. ऑपरेशननंतर नाकात खपल्या धरतात, मिठाच्या पाण्याने धुणं कंटाळा आला तरी चालू ठेवा. आणि तपासण्या पाच वर्षांनी सोडू नका, एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा दहा वर्षांनंतरही परत आलेला आहे.