डॉसवरचे फॉक्सप्रो आणि प्रिंटरचा टाइमआउट: या चुका टाळा

फॉक्सप्रो २.६ या जुन्या डॉस डेटाबेस प्रोग्रॅममधले बिलिंग विंडोज एक्सपी किंवा ३२-बिट विंडोज ७ वर चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. बिलाची कमांड दिली, पडद्यावर मेनू परत आला, पण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पंधरा सेकंद हूं की चूं करत नाही. मग कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात) जाऊन १५ चा १ करतो आणि महिनाअखेरीला खातेउतारे मधूनच तुटायला लागतात.

हा १५ चा आकडा म्हणजे 'एलपीटी_टाइमआउट'. तो रजिस्ट्रीच्या एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE) विभागात सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल आणि डब्ल्यूओडब्ल्यू या वाटेने सापडतो. डॉस प्रोग्रॅमचे बिल कुठे संपले हे विंडोजला कळत नाही. डॉस चालवणारा एनटीव्हीडीएम शेवटच्या अक्षरानंतर इतके सेकंद शांतता पाहतो आणि काम संपले असे धरून चालतो. म्हणजे हा निव्वळ अंदाज आहे. दोन ओळींच्या मध्ये प्रोग्रॅम मोठ्या फाइलमध्ये नोंद शोधत बसला आणि ती शांतता आकड्यापेक्षा लांबली, की अर्धेच बिल प्रिंटरकडे जाते. प्रिंटर सामायिक असेल तर मधल्या जागेत शेजारच्या काउंटरचे बिल घुसते. प्रिंटरच्या सेटिंगमधल्या 'प्रिंट प्रोसेसर'मध्ये 'रॉ, एफएफ ऑटो' निवडलेले असेल तर प्रत्येक तुकड्यानंतर फॉर्म फीड (पुढच्या पानावर जाण्याची आज्ञा) जातो आणि कागद वाया. तिथे साधे 'रॉ' ठेवा.

आकड्याला हात लावण्याआधी मोजा. प्रिंटरची क्यू (छपाईसाठी थांबलेल्या कामांची यादी) उघडून 'पॉज' करा आणि सर्वांत लांब रिपोर्ट काढा. क्यूमध्ये एकच काम दिसले पाहिजे. दोन-तीन दिसली तर टाइमआउट आत्ताच कमी पडतोय. ही चाचणी सगळे काउंटर चालू असताना घ्या, कारण रविवारी रिकाम्या ऑफिसात नेटवर्क वेगळेच चालते. ओळींमधला सर्वांत मोठा खंड चार सेकंदांचा आला, तर ७ किंवा ८ ठेवा. आकडा बदलल्यावर डॉसच्या सगळ्या खिडक्या बंद करा, शक्यतो मशीनच रीस्टार्ट करा. एनटीव्हीडीएम चालू राहिला तर जुनाच आकडा वापरात राहतो.

प्रिंटरच्या पोर्ट सेटिंगमधला 'ट्रान्समिशन रिट्राय', साधारणपणे ९० सेकंद, याच्याशी गल्लत करू नका. कागद संपला किंवा प्रिंटर डेटा घेत नसला तर किती वेळ थांबायचे, एवढेच तो ठरवतो. तो कमी करून बिल लवकर येत नाही. उलट कागद लावायला उठलात तेवढ्यात एरर येते.

मूळ दोष बऱ्याचदा प्रोग्रॅममध्येच असतो. 'सेट डिव्हाइस टू स्क्रीन' लिहून लोक थांबतात. त्याने पुढची ओळ पडद्यावर जाते, प्रिंटरचा पोर्ट मात्र उघडाच राहतो. त्यानंतर पुढे काही न लिहिता नुसते 'सेट प्रिंटर टू' हवे, तेव्हा काम बंद होते. प्रोग्रॅममधून बाहेर पडल्यावरच कागद हलत असेल, तर हीच ओळ राहिली आहे असे समजा.

सोर्स कोड हाताशी असेल तर आमचा आग्रह एकाच पद्धतीचा: 'सेट प्रिंटर टू' ला फाइलचे नाव द्या, अख्खे बिल फाइलमध्ये लिहा, फाइल बंद करा आणि 'रन कॉपी /बी' ने ती एलपीटी१ वर, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टवर, पाठवा. फाइल पूर्ण तयार असल्याने ओळींच्या मध्ये शोधाशोध नाही, म्हणून बिल तुटत नाही. '/बी' विसरू नका. ते नसेल तर कॉपी २६ क्रमांकाच्या कॅरेक्टरला फाइलचा शेवट समजते, आणि ग्राफिक पद्धतीने छापलेल्या मराठी मजकुरात असा बाइट कुठेही येऊ शकतो. प्रत्येक काउंटरची फाइल त्याच्याच मशीनवरच्या फोल्डरमध्ये ठेवा. सर्व्हरवर एकाच नावाची फाइल असेल तर एकाचे बिल दुसऱ्याच्या बिलावर लिहिले जाते.

६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएमच नाही, त्यामुळे तिथे ही रजिस्ट्री बदलून काहीही होणार नाही. डॉसबॉक्स-एक्स हा डॉस चालवणारा वेगळा प्रोग्रॅम वापरत असाल तर तिथला प्रिंटर टाइमआउट मिलिसेकंदांत असतो. १५ सेकंद हवे असतील तर १५००० लिहा.