खाद्य रानअळंब्यांच्या टपाल तिकिटांचा संग्रह कसा करावा

विषयवार तिकीटसंग्रह सुरू करताना खरेदीची घाई करू नये. आधी वहीत संग्रहाची मर्यादा लिहून काढावी. विषय ‘रानातील खाद्य अळंबी’ असा असेल, तर लागवडीच्या जाती कोठे ठेवायच्या हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. उदाहरणार्थ, चीनच्या १९८१ मधील खाद्य बुरशींच्या सहा तिकिटांच्या मालिकेत आपल्याकडे भाजीवाल्याकडेही मिळणारे बटन मशरूम आहे, तर जपानचे १९७४ मधील शिताके अळंबीचे तिकीट खाद्य अळंबीच्या लागवडीवरील आंतरराष्ट्रीय परिषदेनिमित्त निघाले होते. अशा तिकिटांसाठी शेवटी एक वेगळे पान राखावे.

‘खाद्य’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न याहून अवघड आहे. फिनलंडने १९७४ मध्ये अळंब्यांची तीन तिकिटे काढली. त्यांपैकी दोन अळंब्या निर्विवाद खाद्य आहेत. तिसरी, मेंदूसारख्या सुरकुतलेल्या तपकिरी टोपीची जायरोमित्रा एस्क्युलेंटा, कच्ची खाल्ल्यास जीवघेणी ठरू शकते. फिनलंडमध्ये ती भरपूर पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून आणि ते पाणी फेकून देऊनच खातात. माझ्या मते तिला वगळू नये. मात्र ‘सशर्त खाद्य’ असा स्पष्ट शेरा मारून वेगळे बसवावे. चेकोस्लोव्हाकियाच्या १९५८ मधील पाच तिकिटांत लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी अमॅनिटा मस्कारिया आहे. मालिका मोडायची नसेल, तर तिच्याखाली ‘विषारी’ असा स्पष्ट शेरा हवा.

सुरुवातीला रोमानियाची १९५८ मधील दहा तिकिटांची मालिका मिळवावी. निव्वळ अळंब्यांना वाहिलेल्या सुरुवातीच्या मालिकांपैकी ती एक आहे. आशियातून नेपाळची १९९४ मधील मालिका घ्यावी. पुण्याच्या संग्राहकाने झांबियाच्या १९८४ मधील मालिकेतील टर्मिटोमायसिसचे तिकीट मात्र अवश्य शोधावे, कारण पावसाळ्यात सह्याद्रीत वारुळांवर उगवणारी आणि गावोगावी आवडीने खाल्ली जाणारी अळंबी याच कुळातली आहे.

पुण्यात मुख्य टपाल कार्यालयाच्या फिलाटेली विभागात भारतीय तिकिटे मिळतात. परदेशी तिकिटांसाठी विक्रेते, संग्राहकांतील अदलाबदल किंवा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार यांचाच आधार घ्यावा लागतो. तेथे तिकीट चिमट्याने उचलून आधी मागची बाजू पाहावी. हिंजचा, म्हणजे तिकीट वहीत लावण्याच्या डिंकाच्या छोट्या कागदी पट्टीचा, डाग आहे का, उजेडासमोर धरल्यावर कागद कोठे पातळ झालेला दिसतो का, दातेरी कडेचा एखादा दात तुटला आहे का, हे तपासावे. कोपऱ्यात नेटका पाव वर्तुळाचा शिक्का आणि मागे अख्खा डिंक असे असेल, तर ते तिकीट पत्रावर कधी लागलेलेच नसते; संग्राहकांना विकण्यासाठीच त्यावर शिक्का मारलेला असतो. पूर्व युरोप आणि मंगोलियाची अशी तिकिटे स्वस्त असतात व नवख्याला चालतात, पण त्यांच्यासाठी कोऱ्या तिकिटाचे पैसे मोजू नयेत. २००२ नंतरची तिकिटे घेताना जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस या नोंदणीत ती आहेत का ते पाहावे. सगळे देश तेथे नोंद करत नाहीत, पण अळंबीसारख्या खपाऊ विषयांवर फुटीर प्रदेशांच्या नावाने बनावट तिकिटे पुष्कळ छापली जातात.

पुण्याच्या पावसाळ्यात बुरशीच्या चित्रांनाच बुरशी लागण्याचा धोका असतो, ही गंमत परवडणारी नाही. स्टॉकबुक, म्हणजे तिकिटे खोचून ठेवायची वही, ओलसर भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. ते उभे ठेवावे, म्हणजे दाबाने डिंक पानाला चिकटत नाही. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळताच पाने चाळून हवा द्यावी. लॅमिनेशन कदापि करू नये.

शेवटी प्रत्येक तिकिटाखाली देश, वर्ष, अळंबीचे नाव, अधिवास आणि खाद्यतेचा शेरा लिहावा. खाद्यतेचा निर्णय मालिकेच्या शीर्षकावरून न करता आजच्या माहितीवरून करावा. तिकिटावरील चित्रावरून सिंहगडाच्या वाटेवरची अळंबी ओळखू पाहणे तर सर्वस्वी टाळावे, कारण बीजाणूंचा रंग किंवा देठाच्या बुडाशी मातीत दडलेली पिशवी अशा निर्णायक खुणा चित्रात बहुधा नसतात. नाव लिहिताना जुने आणि आजचे अशी दोन्ही द्यावीत. जुन्या कॅटलॉगांतील लेपिओटा प्रोसेरा आज मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा म्हणून ओळखली जाते. वर्गीकरण पुढेही बदलत राहणार असल्याने ही नोंद शाईने न करता पेन्सिलीने करावी.