स्वतःच्या सर्व्हरवरचे मेल स्पॅममध्ये जातायत? आधी हे बघा

पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डवकॉट (आलेले मेल वाचायला देणारं) टाकून मेल सर्व्हर उभा करायला अर्धा दिवस पुरतो, खरी डोकेदुखी नंतर सुरू होते जेव्हा समोरचा म्हणतो "तुझा मेल आलाच नाही रे" आणि तो बिचारा मेल त्याच्या स्पॅममध्ये पडलेला असतो. बहुतेक जण लगेच मेलमधले शब्द बदलत बसतात, सब्जेक्टमधून "फ्री" काढ, लिंक काढ वगैरे. त्याने फारसा फरक पडत नाही. समोरच्या सर्व्हरला आधी एवढंच बघायचं असतं की तुम्ही जे नाव सांगताय ते तुम्हीच आहात का.

सुरुवात आयपीपासून करा. घरच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवायचा विचार सोडूनच द्या, असे आयपी स्पॅमहाउस या ब्लॅकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत (जिथून थेट मेल येऊ नये अशा पत्त्यांची यादी) आधीच असतात, तुम्ही काही चूक केलेली नसली तरी. व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलात तर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग, बाहेर जायला उघडा आहे का ते पहिल्या दिवशीच बघा, बरेच प्रोव्हायडर तो बंद ठेवतात आणि तिकीट टाकल्यावर उघडून देतात. आणि मिळालेला आयपी सेकंडहँड असतो हे विसरू नका, आधीच्या भाडेकरूने त्यावरून काय उद्योग केलेत माहीत नसतं, म्हणून काहीही इन्स्टॉल करायच्या आधी तो ब्लॅकलिस्टमध्ये तपासा आणि घाण निघाला तर सरळ बदलून घ्या. स्पॅमहाउसला कमांडने विचारणार असाल तर ८.८.८.८ सारख्या पब्लिक डीएनएस रिझॉल्व्हरमधून (नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) विचारू नका, तिथून खरं उत्तर मिळत नाही.

मग पीटीआर, म्हणजे रिव्हर्स डीएनएस. हा तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये नाही, आयपी ज्याचा आहे त्याच्या पॅनलमध्ये सेट होतो, इथे खूप जण अडकतात. आयपीवरून नाव निघालं पाहिजे, त्या नावावरून परत तोच आयपी निघाला पाहिजे, आणि पोस्टफिक्समधलं मायहोस्टनेमही तेच ठेवा, कारण समोरच्याला हॅलो करताना सर्व्हर तेच नाव सांगतो.

इथे मी स्वतः चार दिवस घालवलेत. सगळे रेकॉर्ड बरोबर, टेस्ट टूल दहापैकी दहा देतंय, तरी निम्मे मेल स्पॅममध्ये आणि निम्मे व्यवस्थित इनबॉक्समध्ये, काही पॅटर्नच लागेना. शेवटी लॉग नीट वाचला तर कळलं की जिथे जमेल तिथे सर्व्हर आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी) वरून मेल पाठवत होता, आणि मी पीटीआर फक्त आयपीव्ही४ चा सेट केला होता, वर एसपीएफमध्येही (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती डीएनएसमधली यादी) तो सहावाला पत्ता नव्हता. पोस्टफिक्सच्या इनेट प्रोटोकॉल्समध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवलं आणि प्रकरण मिटलं. दोन्ही हवेत तर दोन्हींचा पीटीआर करा, नाहीतर सहा बंद.

एसपीएफ सोपा आहे पण दोन गोष्टी सांभाळा. एका डोमेनला एकच एसपीएफ रेकॉर्ड, जुना तसाच ठेवून दुसरा टाकलात तर दोन्ही बाद. आणि इन्क्लूड (दुसऱ्याची यादी जोडणं) वगैरे धरून डीएनएस लुकअप १० च्या वर जाऊ देऊ नका.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, तिची की २०४८ बिटची घ्या. ती २५५ अक्षरांत मावत नाही म्हणून टीएक्सटी रेकॉर्डमध्ये अवतरण चिन्हांचे तुकडे करावे लागतात, काही पॅनल ते आपोआप करतात, काहींत हाताने, आणि कॉपीपेस्ट करताना शेवटचं एखादं अक्षर राहिलं की सही फेल आणि आपण मात्र सही करणाऱ्या ओपनडीकेआयएमच्या कॉन्फिगला शिव्या घालत बसतो.

डीमार्क म्हणजे या दोन तपासण्या फेल झाल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड. त्यात लोक काय चुकतात तर त्यांना वाटतं एसपीएफ पास झाला म्हणजे झालं. तसं नाही, पास झालेलं डोमेन आणि फ्रॉममध्ये दिसणारं डोमेन जुळलं पाहिजे, एसपीएफ किंवा डीकेआयएम दोन्हींपैकी एकाने तरी. वेबसाइटवरचा कॉन्टॅक्ट फॉर्म हे याचं नेहमीचं उदाहरण, फॉर्म भरणाऱ्याचा जीमेल पत्ता फ्रॉममध्ये टाकून तुमचा सर्व्हर मेल पाठवतो, तो जुळणार कसा? फ्रॉम स्वतःचा ठेवा, त्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये. पॉलिसी सुरुवातीला नन (काहीच कारवाई नको) ठेवा, रिपोर्ट काही आठवडे बघा, मग क्वारंटाइनकडे (स्पॅममध्ये टाका) जा.

हे सगळं झाल्यावर स्वतःच्या जीमेलला एक मेल टाका, तीन टिंबांच्या मेनूतून मूळ मेसेज उघडा, वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींसमोर पास दिसलं पाहिजे. एकजरी फेल असेल तर पुढचं काही करू नका.

नवीन आयपीवरून पहिल्याच दिवशी हजार मेल सोडू नका, ओळखीच्या लोकांना थोडे थोडे पाठवा, ते रिप्लाय देतील असे. कोणाचा मेल स्पॅममध्ये गेला तर त्याला "स्पॅम नाही" दाबायला सांगा. न्यूजलेटर पाठवणार असाल तर जीमेलचे फेब्रुवारी २०२४ पासूनचे नियम बघा, दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क आणि एका क्लिकचं अनसबस्क्राइब लागतं, आणि स्पॅमची तक्रार ०.३ टक्क्यांपर्यंत पोचता कामा नये.

एवढं करूनही एखादाच प्रोव्हायडर ऐकत नसेल तर त्याचा डीलिस्टिंगचा (ब्लॅकलिस्टमधून काढायचा) फॉर्म भरा, आणि तेही नाही जमलं तर पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये फक्त त्या एका डोमेनचे मेल बाहेरच्या, मेल पुढे पोचवणाऱ्या रिलेमधून जायला लावा (त्या रिलेला एसपीएफमध्ये घ्यायला विसरू नका), बाकी सगळं तुमच्याच सर्व्हरवरून जाऊ दे.