रेल्वेचं अॅक्युट्रॉन विकत घेताना

1960च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या गार्ड-ड्रायव्हरांच्या मनगटी घड्याळांना हळूहळू मान्यता देऊ लागल्या. तोवर खिशातलं घड्याळच चालायचं, आणि आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त चूक माफ नव्हती. एल्जिन, हॅमिल्टन, बॉल यांचीही रेल्वे मॉडेल्स आहेत. पण असं जुनं घड्याळ विकत घ्यायचं तर सुरुवात बुलोव्हा कंपनीच्या अॅक्युट्रॉन 214 या सेलवर चालणाऱ्या मनगटी घड्याळापासून केलेली बरी, कारण त्यात काय बिघडलंय ते झाकण न उघडताही बरंचसं कळतं.

आधी डायल. रेल्वेचं म्हणजे पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, प्रत्येक मिनिटाची रेघ आणि बऱ्याचदा आतल्या बाजूला लाल 13 ते 24. दहापट भिंगाखाली धरा. रेघांची जाडी कमीजास्त असेल, लाल रंग पसरलेला असेल तर डायल पुन्हा रंगवलाय. भाव निम्म्याच्या आसपास बोला. मागच्या झाकणावर M3 असेल तर केस म्हणजे घड्याळाचं कवच 1963 चं, N0 असेल तर 1970 चं. 214 ला बाजूला चावी नसते, वेळ मागच्या कडीने लावतात. चारच्या जागी चावी दिसली तर ते अॅक्युट्रॉनचं दुसरं मॉडेल, 218.

मग कानाला लावा. आत इंग्रजी U च्या आकाराचा ट्यूनिंग फोर्क सेकंदाला 360 वेळा थरथरतो आणि 300 दात्यांचं, जेमतेम 2.4 मिलिमीटरचं चाक ढकलतो. मंद, एकसुरी गुणगुण ऐकू यायला हवी. गुणगुण आहे पण काटे ढिम्म, तर बहुधा तेल वाळलंय, दुरुस्त होतं. आवाजच नाही आणि सेल बदलूनही गप्प, तर फोर्कला थरथरवणाऱ्या कॉइलवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर संशय घ्या. तिची तार केसाहून बारीक, चिमटा घासला तरी तुटते. त्यामुळे अॅक्युट्रॉन कधीच न हाताळलेल्या घड्याळवाल्याकडे देऊ नका, तो कितीही जुना आणि भला असला तरी.

सेलचं झाकण नाण्याने उघडतं. आत पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल गळलाय. मूळ सेल पाऱ्याचा, 1.35 व्होल्टचा होता. आजचा 387एस 1.55 व्होल्टचा. जादा व्होल्टेजने फोर्क जास्त झुलतो, चाक एकदम दोन दाते सरकतं आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. यंत्र मेलेलं नसतं, फेजिंग, म्हणजे चाक एका वेळी एकच दाता सरकेल अशी जुळणी, करून घ्यावं लागतं.

शेवटी 24 तास मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा. कंपनीची हमी महिन्याला एका मिनिटाची होती, म्हणजे दिवसाला साधारण 2 सेकंद.