ऑक्साइडच्या आंतरपृष्ठावरील वाहकता मोजताना या चुका टाळा

स्ट्रॉन्शियम टायटनेट आणि लँथॅनम ॲल्युमिनेट हे दोन्ही विद्युतरोधक असूनही त्यांच्या सीमेवर, म्हणजे आंतरपृष्ठावर, इलेक्ट्रॉन मोकळेपणाने वाहतात, हे ओहतोमो आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये दाखवले. मात्र स्फटिकातून ऑक्सिजनचा एक अणू निसटला, तरी मागे दोन इलेक्ट्रॉन उरतात. त्यामुळे नमुना वाहक निघाला, एवढ्यावरून ती वाहकता आंतरपृष्ठाची मानणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय.

येथे आकडाच चुगली करतो. ध्रुवीय थरांच्या (आळीपाळीने धन आणि ऋण भार असलेल्या अणुस्तरांच्या) हिशेबाने दर चौरस सेंटिमीटरला जास्तीत जास्त सुमारे ३३० लाख कोटी इलेक्ट्रॉन मिळायला हवेत. हॉल मापनात (चुंबकीय क्षेत्र लावून इलेक्ट्रॉनांची संख्या काढण्याच्या पद्धतीत) याच्या तीसपट संख्या आली, तर कमी दाबाच्या ऑक्सिजनमध्ये लँथॅनम ॲल्युमिनेटचा थर चढवताना खालचा सब्स्ट्रेटच (ज्यावर थर चढवतात तो स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्फटिक) खोलवर वाहक झाला आहे, असे समजावे. त्याच चेंबरमध्ये, त्याच तापमानाला आणि दाबाला कोरा सब्स्ट्रेट ठेवून तोही मोजावा. तो रोधक निघाला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये, कारण वाढणारा थर स्वतःच खालचा ऑक्सिजन ओढून घेतो. अस्फटिकी (अणूंची नियमित रचना नसलेल्या) थराखालीही वाहकता दिसते ती याचमुळे. अधिक भरवशाची कसोटी म्हणजे ऑक्सिजनमध्ये ॲनीलिंग करणे, म्हणजे नमुना तापवून ठेवणे: अस्फटिकी थराखालची वाहकता त्याने नाहीशी होते, स्फटिकी थराखालची टिकते.

नमुना मुळीच वाहत नसेल, तर थर चार एककपेशींपेक्षा (एककपेशी म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान घटक) पातळ आहे का, हे आधी पाहावे. मग पृष्ठभाग तपासावा. सब्स्ट्रेटचा शेवटचा स्तर टायटॅनियम ऑक्साइडचाच हवा. अणुबल सूक्ष्मदर्शकात पायऱ्या ०.३९ नॅनोमीटरच्या न दिसता मध्येच निम्म्या उंचीच्या दिसल्या, तर टायटॅनियम ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम ऑक्साइड या दोन्ही स्तरांची सरमिसळ आहे आणि नको असलेला स्तर काढणारी आम्लाची प्रक्रिया पुन्हा करावी लागेल. तारा जोडण्यासाठी लावलेली चांदीची पेस्ट वरच्या रोधक थरावरच बसलेली असणे, हेही एक साधे पण वारंवार आढळणारे कारण आहे. अल्ट्रासॉनिक वायर बाँडिंगची (ध्वनिकंपनांनी जोडलेली) तार मात्र थर भेदून खाली पोहोचते.

उपकरण कोरण्यासाठी आर्गॉन आयनांचा मारा केल्यास उघडा पडलेला टायटनेट स्वतःच वाहक होतो, म्हणून खाचेच्या दोन्ही बाजूंना टोके टेकवून रोध अवश्य पाहावा. प्रकाशाचा परिणामही दिवा मालवल्यावर बराच काळ रेंगाळतो; रोध स्थिर होईपर्यंत नमुना अंधारात ठेवावा. तीव्र क्ष-किरणांखाली तर मोजता मोजताच नवे दोष निर्माण होऊ शकतात, तेव्हा पहिला वर्णपट शेवटी पुन्हा घेऊन त्रिसंयुजी (जादा इलेक्ट्रॉन घेतलेल्या) टायटॅनियमचा उंचवटा वाढला आहे का, हे ताडून पाहावे.